फुगवट्याचं पाणी

आमच्याकडं उजनीला कुणी तलाव म्हणत नाही. जलाशय हा शब्द सरकारी कागदावर. आम्ही म्हणतो फुगवटा. भीमा भिंतीला अडली, मागं फुगली आणि इंदापूर, करमाळा, दौंड, कर्जतच्या शिवारात शिरली, म्हणून फुगवटा. पुण्यामुंबईहून पक्षी बघायला येणारी माणसं ‘बॅकवॉटर’ म्हणतात आणि आता आमची पोरंही तेच म्हणतात. यशवंतसागर हे नाव पाटीवर आहे.

धरणाचा इतिहास सांगायचा म्हटलं की माणसं एकतर बुडालेल्या गावांचा सांगतात, नाहीतर पिकलेल्या उसाचा. दोन्ही खरे आहेत. पण त्या पाण्याचा स्वतःचा म्हणून एक इतिहास आहे, तो कुठं लिहिलेला फारसा आढळत नाही. आमच्या काठावरून मला तो जेवढा दिसला तेवढा सांगतो.

धरणाआधी भीमा म्हणजे वाळू. पावसाळ्याचे चार महिने सोडले तर नदी पात्राच्या एका कडेनं चालायची आणि बाकी सगळं पात्र पांढऱ्या वाळूचं. त्या वाळूत कलिंगडं, खरबुजं लावायचे. आजी सकाळी घागर घेऊन जायची ती वाहत्या पाण्यातलं पाणी कधी भरायची नाही. वाळूत हातभर खड्डा उकरायचा, त्याला आम्ही झिरा म्हणायचो. पहिलं गढूळ पाणी वाटीनं काढून टाकायचं आणि मग जरा दम धरायचा. तळातून पाणी वर यायचं ते आरशासारखं. ‘नदीनं गाळून दिल्यालं पाणी’ असं ती म्हणायची. वाळू पाणी गाळते हे तिला कुणी शिकवलेलं नव्हतं. पुढं शहरात जलशुद्धीकरण केंद्र पाहिलं, तिथंही हौदात वाळूच पसरलेली होती.

पूर यायचा तेव्हा नदी काठच्या रानावर पिवळसर गाळ सोडून जायची. त्याला पोयटा म्हणत. पोयट्याच्या रानाला खत लागत नसे. पूर ओसरला की भोई लोक डोहात जाळी टाकायचे. मरळ, वाम, शिवडा आणि सापासारखा लांब अहीर. हा अहीर मोठा अजब मासा. वाढतो नदीत, पण अंडी घालायला समुद्रात जातो. म्हणजे आमच्या डोहातला अहीर भीमेतून कृष्णेत आणि कृष्णेतून पार बंगालच्या उपसागरात जायचा आणि त्याची पिल्लं तेवढीच वाट उलटी चढून यायची. नदीवर भिंती झाल्या आणि ती वाट बंद पडली. त्याचा दोष घाणीवर टाकता येणार नाही. तो धरणांचाच. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं सगळ्याचा दोष पुण्यावर टाकायचा मोह होतो आणि आमच्या काठावर तर ती बोलायची सवयच झाली आहे.

1966 साली धरणाचं भूमिपूजन झालं आणि 1980 साली धरण पूर्ण झालं. मधल्या वर्षांत पाणी टप्प्याटप्प्यानं चढत गेलं तशी गावं उठत गेली. आमचं गाव उठलं तेव्हा मी चौथीत होतो. घराची आढी, तुळया, दारं काढून बैलगाडीत घातली आणि वर माळावर नेऊन पुन्हा उभी केली. त्याबद्दल पुष्कळांनी लिहिलं आहे, मी इथं थांबत नाही.

पाणी आलं ते पहिल्यांदा फार सुंदर होतं. काठावर उभं राहिलं तर कमरेएवढ्या पाण्यात खालची नांगरटीची ढेकळं दिसायची. बांधावरची बाभळ पाण्यात उभी, निम्मी बुडालेली, तिच्या शेंड्यावर पाणकावळे. आम्ही पोरं पोहून दमलो की आहे तिथंच तोंड घालून पाणी प्यायचो. मासा तर इतका की भोई मामा म्हणायचा, ‘जाळं टाकायचं काम न्हाय, नुसतं वढायचं काम हाय.’ नव्या धरणात असं होतंच म्हणे. बुडालेलं गवत, पाला, काडीकचरा कुजतो, त्यावर सूक्ष्म जीव वाढतात आणि त्यांच्यावर मासा पोसतो. काही वर्षांनी ते ओसरतं. सरकारनं कटला, रोहू, मृगळ यांचं बोटुकली बी सोडलं. बाहेरून मासेमारी करणारी कुटुंबं आली आणि काठावर पालं ठोकून राहिली. ट्रकच्या ट्यूबवर, पुढं थर्मोकोलच्या तराफ्यावर बसून ही माणसं भर पाण्यात जायची, तेव्हा काठावरच्या आम्हा शेतकऱ्यांच्या पोटात गोळा यायचा.

हा मामा म्हणजे माझा नात्यातला मामा नव्हे, पण आई त्याला दादा म्हणायची म्हणून आमचा मामा. तो लिहायला शिकलेला नव्हता. तरी फुगवट्याच्या पाण्याची वही कुणी ठेवली असेल तर ती त्यानंच, आपल्या जाळ्यात. पहिल्यांदा वाम कमी झाला. वामाला दगडाच्या कपारी आणि स्वच्छ तळ लागतो. मग शिवडा गेला. नव्वदनंतर कधीतरी त्याच्या जाळ्यात चिलापी वाढायला लागला आणि काही वर्षांत जाळं उपसलं की वरपासून खालपर्यंत चिलापीच. चिलापी म्हणजे तिलापिया, मूळचा आफ्रिकेतला. आपल्या देशात तो 1952 साली आणला गेला. त्याची मादी अंडी तोंडात सांभाळते, त्यामुळं पिल्लं वाचतात. काहीही खातो आणि कमी हवेच्या पाण्यातही तग धरतो. ज्या पाण्यात रोहू गुदमरतो तिथं हा संसार मांडतो. मामा त्याला शिव्या द्यायचा आणि त्याच्यावरच पोट भरायचा. ‘ह्यो मासा न्हाय,’ म्हणायचा, ‘पाण्याचं सर्टिफिकीट हाय.’

आता हे पाणी असं का झालं ते सांगायला पाहिजे, आणि त्यासाठी नकाशा वर गुंडाळत जावं लागतं.

भीमा निघते भीमाशंकरला. तिला तुळापुरापाशी इंद्रायणी मिळते. पवना मुळेला मिळते, मुळा पुण्यात मुठेला मिळते आणि मुळा-मुठा रांजणगाव सांडसजवळ भीमेला. म्हणजे पुणे, पिंपरी-चिंचवड, देहू, आळंदी, चाकण, सगळ्यांचं पाणी शेवटी एकाच घागरीत पडतं आणि ती घागर म्हणजे उजनी. धरणाचं काम चालू होतं तेव्हा, 1971 च्या जनगणनेत, पुणे महापालिकेच्या हद्दीत साडेआठ लाख माणसं होती. 2011 च्या जनगणनेत पुण्यात 31 लाख आणि पिंपरी-चिंचवडात 17 लाख. त्यानंतर किती वाढली ते हिंजवडीला जाऊन आलेल्या कुणालाही विचारावं. घरटी नळ आला, संडास आला, कपडे धुण्याची पावडर आली, कारखाने आले. यातलं काहीच वाईट नाही. माझीही लेक तिकडंच नांदते. पण नळानं घरात आलेलं पाणी घराबाहेर कसं जातं, याचा हिशेब शहर वाढण्याच्या वेगानं कुणी मांडला नाही. सांडपाण्याची केंद्रं बांधली गेली ती नेहमी माणसांच्या मागून, धापा टाकत. जल प्रदूषणाचा कायदा 1974 चा आहे, म्हणजे धरणाच्या भिंतीहून जुना. कायदा आधी होता, घाण नंतर आली.

दुसरी गोष्ट त्याहून कमी बोलली जाते. खडकवासला, पानशेत, वरसगाव, पवना ही धरणं डोंगरातलं चांगलं पाणी वरच्या वर अडवतात. ते शहराला लागतं, अडवणारच. पण मग दिवाळीनंतर मुळा-मुठेच्या पात्रात वाहतं ते काय? बहुतेक करून शहरानं वापरून सोडलेलं. पावसाळ्यात आमच्याकडं नदी येते, उन्हाळ्यात शहर येतं.

आणि ते येऊन जात नाही. उजनीची एकूण साठवण साधारण 117 टीएमसी. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. त्यातला 63 टीएमसीहून जास्त साठा मृत साठा. मृत साठा म्हणजे कालव्याच्या तोंडाच्या खाली राहिलेलं पाणी. निम्म्याहून जास्त धरण मृत, असं धरण विरळाच. वर्तमानपत्रवाले दर उन्हाळ्यात ‘उजनी उणे इतके टक्के’ असं छापतात ते यामुळंच. 2024 च्या उन्हाळ्यात हा आकडा उणे साठाच्या आसपास गेला होता. पण मला इथं टक्क्यांचं कौतुक नाही. पुरात 41 दरवाजे उघडतात तेव्हा जातं ते वरचं पाणी. जड गाळ, त्याच्याबरोबर आलेली घाण, कुजलेली जलपर्णी तळाशी बसते आणि तिथंच राहते. चाळीस-पंचेचाळीस वर्षं राहिलेली आहे. पाणीवाटपाच्या बैठकांत मृत साठ्यावरून भांडणं होतात ती पाणी कुणी उचलायचं यावर. त्या पाण्यात काय साचलंय यावर भांडताना मी तरी कुणाला पाहिलं नाही.

पाण्याचा रंग बदलला तो हळूहळू. आधी उन्हाळ्यात नुसती हिरवी झाक. मग बारा महिने झाक आणि उन्हाळ्यात रंग. आता एप्रिल-मेमध्ये काठाच्या पाण्यावर रंगाच्या डब्यातली साय धरावी तशी हिरवी साय धरते. हात घातला तर हाताला चिकटते. सांडपाण्यातून आणि साबणाच्या पावडरीतून फॉस्फरस येतो, मैल्यातून आणि शेतातल्या युरियातून नायट्रोजन. शेवाळाला ते खतच. ऊसाला दिलं तर ऊस वाढतो, पाण्यात गेलं तर शेवाळ. त्यात नीलहरित शेवाळाच्या काही जाती अशा आहेत की त्या विष सोडतात. त्या पाण्यानं अंगाला खाज सुटते आणि पोटात गेलं तर यकृताला बाधतं. रात्रभर पाण्यात राबणाऱ्या मासेमाऱ्यांच्या पायांवरचे चट्टे मी पाहिले आहेत. ते खोबरेल तेल चोळून पाण्यात उतरतात.

दुपारी हे शेवाळ उन्हात भरपूर ऑक्सिजन सोडतं, म्हणून दुपारी तपासलं तर पाणी ठणठणीत दिसतं. खरी कसोटी पहाटेची. रात्री तेच शेवाळ ऑक्सिजन ओढतं, तळातली कुजकी घाण ओढते, आणि पहाटे पहाटे मासा तोंड वर काढून वरच्या थरातली हवा घेत फिरतो. ढगाळ, वारा पडलेला दिवस आला की दुसऱ्या सकाळी काठावर मेलेल्या माशांची पांढरी रेघ. माणसं म्हणतात कुणीतरी औषध टाकलं. कधी तसंही होत असेल. पण पुष्कळदा औषध टाकायला कुणी लागत नाही, पाण्यातली हवा पहाटेपर्यंत पुरत नाही एवढंच.

जलपर्णीचं तर सांगायलाच नको. दक्षिण अमेरिकेतली ही वनस्पती, फूल मोठं देखणं, जांभळं. पहिल्यांदा ती वाहून आली तेव्हा आमच्या शाळेतल्या बाईंनी एक रोप बादलीत लावून खिडकीत ठेवलं होतं. पवना, इंद्रायणी, मुळा-मुठेतून दर पावसाळ्याला तिचे गालिचे सुटतात आणि फुगवट्यात पसरतात. पंधरा दिवसांत दुप्पट होते. जाळी अडकतात, होडी चालत नाही, विद्युत मोटारींचे फुटव्हॉल्व्ह बुजतात. काढायला खर्च आणि नाही काढली तर मरून तळाशी बसते, म्हणजे पुन्हा तेच.

थंडीत संध्याकाळी दिव्याभोवती चिलटं इतकी येतात की जेवण अंधारात उरकावं लागतं. ही चिलटं डासासारखी दिसतात, पण चावत नाहीत. त्यांच्या अळ्या तळाच्या चिखलात वाढतात आणि तांबड्या लाल असतात, कारण त्यांच्या अंगात आपल्यासारखंच हिमोग्लोबिन असतं. हवा नसलेल्या चिखलातही त्या त्याच्या जोरावर जगतात. आणि याच अळ्या आणि शेवाळ हे रोहित पक्ष्याचं खाणं. शहरातले पाहुणे रोहितांचे थवे बघून म्हणतात, ‘किती निसर्ग आहे तुमच्याकडे!’ त्यांना काय सांगावं. पक्षी खरंच देखणा आहे, भिगवण-कुंभारगावच्या पोरांना त्यानं रोजगार दिला आहे, मीही पाहुण्यांना घेऊन बघायला जातो. पण रोहित आला म्हणजे पाणी चांगलं असं नाही. चिखलात चोच घालून जगणाऱ्या पक्ष्याला तुमच्या-आमच्या पिण्याच्या पाण्याशी देणंघेणं नाही. नदीकाठच्या वाळूवर अंडी घालणारा नदी सुरय किती उरला, हे मोजणारी माणसं मात्र थोडी.

पाणी फार खाली गेलं की बुडालेलं वर येतं. पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं, माणसं मोबाईल घेऊन धावतात. एका दुष्काळात आमचं जुनं गावठाणही उघडं पडलं. मी आणि तात्या, म्हणजे माझे थोरले चुलते, चालत गेलो. तात्यांना घराची जागा सापडली, दारातला उंबऱ्याचा दगड तसाच होता. पण तो सापडायला त्यांना काठीनं चिखल उकरावा लागला. वर हात-दीड हात काळा गाळ, उकरला की कुजक्या अंड्यासारखा वास. त्यात शाम्पूच्या पुड्या, दुधाच्या पिशव्या, एक चप्पल, औषधाच्या गोळ्यांची पाकिटं. आमच्या गावात कधी शाम्पू आला नव्हता, गाव उठेपर्यंत आम्ही रिठ्यानं आणि काळ्या मातीनं डोकं धूत होतो. काळ्या गाळाच्या खाली पोयटा लागला, तोच पिवळसर, मऊ. तात्यांनी तो चिमटीत घेऊन चोळला आणि वास घेतला. म्हणाले, ‘ही आपली माती. वरची परकी.’ परत येताना काही बोलले नाहीत.

त्या गाळावर आता गाळपेर होते. पाणी मागं सरकेल तशी माणसं ज्वारी, मका, कांदा टाकत जातात. पीक जोमदार येतं, काळ्या गाळात नत्र आहेच. त्या मातीबरोबर पिकात आणखी काय चढतं हे तपासायला मात्र कुणी येत नाही.

आणि आमचा काठ काही पूर्वीचा काठ राहिलेला नाही. ज्यांची जमीन वरच्या अंगाला होती त्यांनी पाइपलाइनी टाकल्या, मोटारी बसवल्या, आणि माळावर हुलग्याच्या जागी ऊस उभा राहिला. उसाला एकरी पोती-पोती खत पडतं, त्यातलं किती पिकाला आणि किती निचऱ्याबरोबर परत फुगवट्यात, हे कुणीही डोळ्यांनी बघू शकतो. काठावरच्या वाड्यावस्त्यांची गटारंही उताराकडंच जातात आणि उतार पाण्याकडं. पुण्याची घाण मोठी, फार मोठी, यात शंका नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं 2018 साली देशातल्या प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी केली तेव्हा महाराष्ट्राचे 53 पट्टे निघाले, सगळ्या राज्यांत जास्त, आणि भीमेच्या खोऱ्यातल्या नद्या त्यात आहेतच. पण पुण्याला शिव्या देऊन झाल्या की सभा संपते आणि आपल्या उताराचं बोलणं राहून जातं.

एकदा गावातल्या दहा-बाराजणांनी पाण्याच्या तपासणीसाठी एका कार्यालयात अर्ज दिला. तिथून उत्तर आलं की हा विषय दुसऱ्या कार्यालयाचा. दुसऱ्यानं तिसऱ्याकडं बोट दाखवलं. अर्जाची पोच अजून आमच्या ग्रामपंचायतीच्या कपाटात आहे.

या सगळ्यात काय गेलं असं विचाराल तर मासा गेला, पक्षी बदलले, हे आहेच. पण बायकांना विचारा. आमच्या वस्तीची नळयोजना फुगवट्यातूनच आहे. पाणी येतं, नाही असं नाही. त्यानं भांडी होतात, धुणं होतं. प्यायला कुणी घेत नाही. हंडा भरून ठेवला की सकाळी त्याच्या तळाशी हिरवा साका बसलेला. चौकात फिल्टरच्या पाण्याचं मशीन बसलंय, पैसे टाकले की जार भरतो. ऐपत असलेल्यांच्या घरी जार गाडीवरून येतो. ज्यांच्याकडं गाडी नाही त्यांच्या सुना डोक्यावर आणतात. ज्यांना रोजचे तेवढे पैसे काढणं जड जातं ते नळाचंच पाणी उकळून पितात, आणि उकळून शेवाळाचं विष जातं असं नाही. आई शेवटी अंथरुणाला खिळली होती तेव्हा तिला जारचं पाणी पाजलं की म्हणायची, ‘ह्याला चवच न्हाय गं. आन इकत आणलंय म्हन. आपल्या घरावर एवढं पानी उभं केलं आन आपणच पानी इकत.’ सून हसायची. आई हसत नसे.

सोलापूर शहर हेच पाणी पितं, शुद्ध करून. आणि आषाढीच्या आधी याच धरणातून नदीत पाणी सोडतात, चंद्रभागेत वारकऱ्यांना स्नान करता यावं म्हणून. देहू-आळंदीहून पालख्या निघतात त्या रस्त्यानं. इंद्रायणीचं पाणी मात्र त्याच देहू-आळंदीहून नदीच्या वाटेनं निघतं, वाटेत आमच्याकडं मुक्काम करतं आणि पंढरपूरला पोचतं. आळंदीच्या घाटावर पाण्यावर पांढरा फेस तरंगताना टीव्हीवर दाखवतात तेव्हा सगळा महाराष्ट्र हळहळतो. फेस विरला की बातमी जाते. ते पाणी पुढं कुठं गेलं हे आम्हाला माहीत असतं.

सांडपाण्याच्या नव्या केंद्रांची कामं पुण्यात जपानच्या कर्जातून चालली आहेत, करार 2016 चा. ती पुरी होतील, चालतील, त्यांना वीज मिळत राहील, तर पाण्यात फरक पडेल असं जाणकार सांगतात. मला ते पटतं. घाण येणं थांबलं तर वरचं पाणी लवकर सुधारतं. तळातला गाळ साठवलेला फॉस्फरस वर्षानुवर्षं सोडत राहतो, त्याला वेळ लागेल.

मामा वारला त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. त्याचा नातू जाळं टाकतो, चिलापीला भाव बरा आहे. जाळ्यात अलीकडं खरबरीत अंगाचा एक काळा मासा येतो, काचेच्या पेटीत पाळतात त्यातला, कुणीतरी नदीत सोडलेला. खायला उपयोगाचा नाही, काट्यांनी जाळी फाडतो. म्हणून हिवाळ्यात नातू जाळं बाजूला ठेवतो आणि होडीवर कापडी छत टाकून पाहुण्यांना रोहित दाखवायला नेतो. चार खुर्च्या, दोन दुर्बिणी आणि बसायच्या फळीखाली प्यायच्या पाण्याचा एक जार.